ऐकलेली माणसं

९ जानेवारी, शुक्रवार

यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मार्चचा शेवटचा रविवार. मुलाकडची माणसं येऊन गेली, चहा झाला, हॉलचं बोलणं झालं, आणि शेवटी पाहुण्यांचं स्वागत करायला दारात कोण उभं राहणार यावर गाडी आली. हे सहज म्हणाले, "मी आणि ही उभे राहू की." मुलगी कप गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, आत्याला राहू दे तुमच्याबरोबर. कोण कुठलं ते त्यांना कुठे माहीत आहे?"

'त्यांना' म्हणजे मला. मी तिच्या शेजारीच बशा उचलत होते.

रागावणार कशावर? खरंच होतं ते. लग्न करून या घरात येऊन मला पाचेक महिने झाले. यांच्या नात्यात गणती नाही इतकी माणसं, आणि मला चेहरे लक्षात राहत नाहीत. अजिबात राहत नाहीत. सगळी नोकरी कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजवर गेली, एका खोलीत, कानाला हेडफोन लावून. प्रत्येक खात्याचा नंबर झोपेतून उठवून विचारा, सांगते. माणसं मात्र मी नुसती ऐकली. हे त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. यांचा आवाज वर्षानुवर्षं कानात, आणि माझ्या निरोपाच्या चहाला हे समोर येऊन उभे राहिले तेव्हा मी यांना कॅन्टीनचा माणूस समजून साखर मागितली. यांनी मुकाट्याने आणून दिली. पुढचं सगळं त्या साखरेमुळे झालं.

पण दारात मला उभं राहायचंय. या वयात पहिल्यांदा स्वतःचं म्हणावं असं घर मिळालं, आणि त्या घरच्या कार्यात मी खुर्चीवर पर्स घेऊन पाहुण्यासारखी बसू? हे यांना बोलून दाखवलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

१३ जानेवारी, मंगळवार

वाचनालयातून स्मरणशक्ती वाढवायचं एक पुस्तक आणलं. म्हणजे नाव लिहून घेतलं, सही केली आणि पुस्तक काउंटरवर विसरून घरी आले. परत गेले. ग्रंथपालांनी ओठ दाबून धरले होते.

पुस्तकात पहिलीच गोष्ट चांगली आहे. म्हणे आपण विसरतो असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ती गोष्ट डोक्यात शिरलेलीच नसते, कारण ती समोर असताना आपलं लक्ष भलतीकडे असतं. हे पटलं. चारचौघांत कोणी ओळख करून देतं तेव्हा माझं सगळं लक्ष पदर नीट आहे ना यावर असतं.

दुसरी गोष्ट अशी, की चेहऱ्यातलं एक काहीतरी पकडायचं आणि त्याचं चमत्कारिक चित्र करायचं. जितकं वेडंवाकडं तितकं पक्कं. संध्याकाळी यांनी फोटोंचा अल्बम काढला आणि आम्ही बसलो. यांच्या थोरल्या बहिणीचा प्रत्येक फोटोत एक हात कमरेवर, दुसरा कोणाला तरी काहीतरी दाखवत पुढे. ती झाली किटली. यांचा मामेभाऊ भुवयांमुळे झुडूप. चुलत भावाच्या खांद्यांची रुंदी बघून त्याला कपाट केला. दोन जुळ्या भाच्या म्हणजे दोन टोस्ट, त्यातली एक जरा जास्त भाजलेली. हे म्हणाले, "माझं काय केलं असतंस?" मी म्हटलं, "साखरेचा डबा." खूश झाले.

१८ जानेवारी, रविवार

परीक्षा सुरू आहेत. पुस्तक म्हणतं, पुन्हा पुन्हा वाचून काही होत नाही, झाकून आठवायला लागतं. आठवताना जो त्रास होतो ना, त्यानेच ते पक्कं होतं. आणि घोकून एका दिवसात उरकायचं नाही. आज, मग उद्या, मग तीनेक दिवसांनी, मग आठवड्याने. विसरायच्या बेतात असताना पुन्हा गाठायचं.

त्यामुळे आमचे हे मास्तर झालेत. मी भांडी घासत असले की मागून येऊन विचारतात, "थोरल्या काकांची मधली सून कोण?" मी म्हणते, "वेलची." "आणि नाव?" नाव आलं तर मान हलवून जातात, नाही आलं तर एक बिस्किट जप्त. आज माझी सगळी बिस्किटं गेली. हा माणूस स्टोअरमध्ये गंभीर चेहऱ्याने काम करायचा यावर माझा विश्वास बसत नाही. मजेत आहोत.

२ फेब्रुवारी, सोमवार

माणसं जास्त झाली आणि डोक्यात खिचडी झाली. पुस्तकात यावरही उपाय आहे. आपल्या ओळखीचं घर डोळ्यांसमोर आणायचं, ठरलेल्या वाटेने त्यातून चालायचं, आणि जागोजाग एकेक गोष्ट ठेवायची. आठवायचं असलं की तशीच चक्कर मारायची.

मी माझी जुनी भाड्याची खोली घेतली. तिथे खिडकी एक, कॉट एक, शेगडी एक. चौथ्या नातेवाइकाला जागाच नाही. हे म्हणाले, "अगं, मग इथेच ठेव ना सगळ्यांना." म्हटलं, इथे अजून मला जिन्याच्या दिव्याचं बटण सापडत नाही, मी पाहुणे काय ठेवणार? हे म्हणाले, "ठेवायला लागलीस की सापडेल."

तर आज दिवसभर घर मांडलं. किटली अर्थातच शेगडीवर. झुडूप बाल्कनीतल्या कुंडीत. कपाटाला चपलांच्या कप्प्यात कोंबलं, तो मावत नाही म्हणूनच लक्षात राहतो. टोस्ट बाथरूममध्ये, दोन्ही ओल्या. मी पॅसेजमध्ये उभी राहून बोट दाखवत "तुम्ही इथे, तुम्ही तिथे" असं पुटपुटत होते, आणि यांची मुलगी ऑफिसातून आली. दारातच थांबली. मग आत जाऊन वडिलांना हळूच विचारलं, "बाबा, यांना बरं वाटतंय ना?"

जिन्याच्या दिव्याचं बटण मीटरच्या खोक्याखाली आहे. तिथे यांची आतेबहीण ठेवली आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

शोभा झाली. काय सांगू.

लग्नाची कामं वाटून घ्यायला जवळची माणसं जेवायला आली होती. मी सकाळपासून घरातून मनातल्या मनात दोन चकरा मारलेल्या, सगळे आपापल्या जागी. बेल वाजली, दार उघडलं, आणि समोर मला एकही माणूस ओळखू येईना. अल्बम जुना. इतका जुना की त्यात यांची मुलगी शाळेच्या गणवेशात आहे, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये? झुडुपाच्या भुवया विरळ होऊन पांढऱ्या झाल्यात. कपाट आजारपणातून उठलाय, त्याची शिडी झाली आहे. टोस्टांपैकी एकीने केस कापलेत, दुसरीने रंगवलेत. मी सगळ्यांना "या, या, बसा" म्हणत राहिले आणि कोणालाच कशाने हाक मारली नाही.

तेवढ्यात एक बाई आत आल्या. कमरेवर हात. दुसऱ्या हाताने सोफा जरा तिकडे सरकवा म्हणून दाखवत होत्या. इतक्या वेळात पहिल्यांदा कोणीतरी ओळखीचं दिसलं, मला भरून आलं, आणि मी मोठ्याने म्हटलं, "या ना, किटलीताई."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "कोण ताई?" हात कमरेवरच. हे हसायला लागले ते थांबेनात. डोळे पुसत बाल्कनीत निघून गेले आणि मला एकटीला तोंड द्यायला ठेवलं. मी खरं ते सांगितलं. ताई ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं," आणि जेवण होईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या.

सगळे गेल्यावर मुलगी बापाला म्हणाली, "घरच्यांसमोर झालं म्हणून निभावलं. दारात त्यांनी कोणाला काय म्हटलं तर?" दार लोटलेलं होतं, पण मला ऐकू येतं. ऐकू येण्यात मी कधीच कमी पडत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पुस्तक परत करून आले. दारात ताईच शोभतील. वाईट वाटतंय.

२२ फेब्रुवारी, रविवार

यांचा घसा बसला आहे. आमंत्रणाचे फोन राहिलेत आणि मुलीला वेळ नाही, म्हणून मी म्हटलं, द्या इकडे.

किती दिवसांनी असं बसले. कानाला फोन, समोर पाण्याचा पेला, एक संपला की दुसरा. झुडूप बोलायच्या आधी घसा साफ करतात आणि वाक्य अर्ध्यावर सोडून "काय ते" म्हणतात. कपाट आजारी असेल, पण आवाज तसाच, पिंपातून आल्यासारखा. जास्त भाजलेल्या टोस्टला 'र' नीट म्हणता येत नाही, कमी भाजलेली प्रत्येक गोष्टीवर "खरंच?" म्हणते. वेलची हसते आधी, बोलते नंतर. एकदा ऐकलं की बसलं. संध्याकाळी यांनी माझी परीक्षा घेतली, घशातून खरखरत नावं विचारली, आणि मी प्रत्येकाची नक्कल करून दाखवली. एकही चुकलं नाही. माझी बिस्किटं मला व्याजासकट परत मिळाली.

म्हणजे माझ्या डोक्यात माणसांना यायला दार आहे. मी उगाच खिडकीतून ओढत होते.

किटलीताईंनाही फोन केला, भीत भीत. त्या म्हणाल्या, "आरशात बघितलं गं मी. उभी राहते खरी तशीच." आणि ठेवून दिला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज शेवटचे फोन. त्यात यांच्या पहिल्या बायकोच्या बहिणीला केला. त्यांनी "हॅलो" म्हटलं आणि माझ्या हातातली पेन्सिल पडली. क्षणभर वाटलं, त्यांची गेलेली बहीणच बोलतेय.

जेवताना मी ते सहज बोलून गेले. मुलीला म्हटलं, "तुझ्या मावशीचा आवाज अगदी तुझ्या आईसारखा आहे गं. फक्त थोडा जाड."

तिचा घास हातातच राहिला. "तुम्ही आईला ओळखत होता?"

"बघितलं कधीच नाही. ऐकलं होतं. रोज दुपारी यांना फोन यायचा ना त्यांचा, मीच जोडून द्यायचे."

ती उठली आणि बाथरूममध्ये गेली. नळ कितीतरी वेळ वाहत होता. हे ताटाकडे बघत बसले. मीच मूर्ख. गेलेल्या माणसाचा विषय काय भरल्या ताटावर काढायचा असतो? चेहऱ्यांचं राहू दे, आधी तोंडाला कुलूप लावायला शिकायला हवं. आता उरलंसुरलं दारही गेलं म्हणायचं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी बटाटे सोलत होते, हे बाहेर गेले होते. मुलगी लवकर आली. पर्सही न ठेवता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "कशी बोलायची आई?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारतेय. मग तिने सांगितलं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. फोटो ढीगभर आहेत, चेहरा रोज बघते. पण आवाज गेला. कधी गेला ते कळलंही नाही. एक दिवस आठवायला बसली तर तिथे काही नव्हतं. बापाला विचारलं तर ते रडतात, म्हणून विचारणं सोडून दिलं.

मी हात पुसले. डोळे मिटले, कारण तसंच मला नीट ऐकू येतं. आणि जसं होतं तसं म्हटलं. "हॅलोऽ, जरा स्टोअरला देता का? काही घाईचं नाही." 'हॅलो' लांबवायच्या, 'देता का' वर आवाज वर जायचा. लाइन बिझी असली तर म्हणायच्या, "असू दे, मी थांबते. तुम्ही जेवलात का?" सगळ्या कारखान्यात मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून राहिलं लक्षात.

मी डोळे उघडले तर ती खाली स्टुलावर बसलेली. म्हणाली, "काही घाईचं नाही." पुन्हा म्हणाली. मग एकदम हसायला लागली, रडत रडत. "सकाळी माझ्या खोलीच्या दारावर टकटक करून म्हणायची, काही घाईचं नाही, पण बस आली आहे."

हे माझ्याकडे नव्हतं. ते तिच्याचकडे होतं, कुठेतरी मागे पडलेलं. एक दोरा ओढला की दुसरं टोक असं हलतं, हे पुस्तकात वाचलं होतं, पण तेव्हा मी त्याच्याखाली रेघ मारली आणि पुढे गेले. आज बघितलं. बटाटे तिनेच सोलले. जाड सालं काढते.

५ मार्च, गुरुवार

लेक आता रोज स्वयंपाकघरात येते संध्याकाळी. मी काम करते, ती विचारते. हसायची कशी? पावसाळ्यात सर्दी झाली की आवाज कसा व्हायचा? मी जितकं आहे तितकं देते.

आज तिने विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलली तुमच्याशी?"

मला किती हो म्हणावंसं वाटलं. अगदी जिभेवर आलं होतं. "आमची लेक फार हुशार आहे हो," असं त्या आवाजात म्हणायला मला काय कठीण होतं? आणि पोरगी आयुष्यभर ते जपून ठेवणार. पण पुस्तकात एक भीती वाटावी अशी गोष्ट होती. आठवण ही पेटीत ठेवलेली वस्तू नाही. दर वेळी काढताना आपण ती थोडी नव्याने करतो आणि तीच परत ठेवतो. आज घातलेला खोटा टाका उद्या मलाच खरा वाटेल. मग उरलेल्यातलं त्यांचं कुठलं आणि माझं कुठलं, हे कोणालाच सांगता येणार नाही, मलासुद्धा.

म्हणून म्हटलं, "मला नाही गं आठवत. बोलल्या असतील. मला आठवत नाही."

ती "बरं" म्हणून आपल्या खोलीत गेली. जेवतानाही फारसं बोलली नाही. तेव्हापासून मला चैन नाही. एक वाक्य दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही दिलं. देववलं नाही.

११ मार्च, बुधवार

आज विचित्र झालं. सकाळी चहा घेताना लेक म्हणाली, "दारात तुम्ही दोघं उभे राहा." बापाकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. "आत्याला मी सांगितलंय."

मी म्हटलं, "अगं पण माझं काही चुकलं तर?"

"तुम्हाला जे माहीत नसेल ते माहीत नाही म्हणाल. तेवढं पुरे."

मला यातलं काही कळलं नाही. एवढं बदलण्यासारखं मी काय केलं? उलट परवा तिला नाराजच केलं. बहुतेक ताईंचे गुडघे दुखत असतील, तासन्‌तास उभं राहायचं म्हणजे सोपं नाही. काही असो. दुपारी जाऊन नवी चप्पल घेतली, टाच नसलेली.

३० मार्च, सोमवार

काल झालं लग्न. अंग मोडून आलंय, पण लिहिल्याशिवाय पडायचं नाही.

माझी रीत ठरलेली होती. चेहऱ्याकडे बघायचंच नाही. कोणी दारात आलं की "या, या, प्रवास कसा झाला?" आणि मग गप्प राहायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. घसा साफ झाला की झुडूप. पिंप वाजलं की कपाट. मग नाव घेऊन, नात्याने हाक मारून आत. एकेकाची तोंडं बघण्यासारखी होत होती. जास्त भाजलेली टोस्ट म्हणाली, "अय्या, मामी, तुम्ही मला कसं ओळखलंत?" किटलीताई माझ्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या होत्या, चूक पकडायला. तासाभराने त्या उठल्या, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्याने मला सरबताचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "ओतते गं, ओतते." मी तो पेला सांडला हसून.

चुकले नाही असं नाही. एक गृहस्थ नुसते हसून मान डोलवत होते, एक शब्द बोलेनात. प्रवास विचारला, हवा विचारली, तब्येत विचारली. शेवटी म्हटलं, "माफ करा, मला तुमची ओळख नाही लागत." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून दाखवली, घशाचं ऑपरेशन झालं होतं. तिथे माझा इलाजच नव्हता. आणि मुलाकडच्या माणसांना मी फोन केलेच नव्हते. त्यामुळे आवाज ओळखीचा वाटला नाही की सरळ विचारायचे, "आपण मुलीकडून की मुलाकडून?" लग्नात हे कोणीही विचारतं, त्यात कमीपणा नाही.

गर्दी भर रंगात आली होती तेव्हा बाजूच्या जिन्याने कोणीतरी खाली येऊन माझ्यासमोर थांबलं. हिरवा भरजरी पोशाख, केस उंच बांधलेले, चेहऱ्यावर एवढा रंग की नाक कुठे सुरू होतं ते कळेना. तरुण होती. मी हसून म्हटलं, "या, या, प्रवास कसा झाला?" ती काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली. म्हटलं, आली दुसरी ऑपरेशनवाली. हे माझ्या कोपराला ढोसत होते, मला वाटलं गर्दीत धक्का लागतोय. मी आपलं विचारलं, "आपण मुलीकडच्या की मुलाकडच्या?"

ती म्हणाली, "तुमच्याकडची."

आवाज ऐकला आणि कोण ते कळलं. सकाळी निघताना मीच तिच्या पाठीची हुकं लावली होती, पण तो पोशाख पांढरा होता, हा नंतरचा. माझी मान शरमेने खाली जायला हवी होती. ती गेली नाही. लेक मोठ्याने हसली आणि तसाच रंगवलेला गाल माझ्या खांद्याला टेकवून उभी राहिली.

मागे रांग थांबली होती. हे म्हणाले, "अगं, पाहुणे उभे आहेत."

म्हटलं, राहू देत की उभे.